खाचेतलं टोक

सरांनी उभा जन्म एका प्रथिनाच्या मागे घालवला. रोपाला फूल कधी यायचं, हे ते प्रथिन डीएनएला बिलगून ठरवतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण बिलगतं कसं, ते जगात कुणीच पाहिलं नव्हतं, कारण त्याचा स्फटिक काही केल्या जमत नव्हता. शेवटी तो त्यांच्या विद्यार्थिनीच्या हातून जमला आणि क्ष-किरणांनी रचना उलगडली. तोवर सरांची दृष्टी पार गेली होती.

ती त्यांच्या घरी गेली आणि रचनेबरहुकूम बनवून घेतलेलं प्लास्टिकचं प्रतिरूप तिने त्यांच्या ओंजळीत ठेवलं. सर डीएनएच्या पिळावरून हळूहळू बोटं फिरवू लागले. प्रथिनाचं एक टोक पिळाच्या खाचेत अलगद उतरलं होतं, तिथे त्यांची बोटं थबकली.

"कसं घट्ट धरलंय, बघा ना सर," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

सरांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचा चेहरा उजळून निघाला होता.

"नुसतं धरलेलं नाही गं," ते पुटपुटले. "त्याला तरी कुठे डोळे आहेत? चाचपून वाचतंय ते, माझ्यासारखं."