पट्ट्याखालची पाठ

जमिनीवर उताणी पडून रसीला उजवा गुडघा छातीशी ओढत होती आणि खाटेवरून सासूचे, बांचे, डोळे त्या गुडघ्याबरोबर वर-खाली होत होते. बांना न्यायला थोरल्या दिराची, गोरधनभाईंची, गाडी अमरेलीहून पहाटेच निघाली होती. दोघींनाही ते ठाऊक होते. सकाळपासून एकीनेही त्याचा उच्चार केला नव्हता.

"श्वास सोड," बा म्हणाल्या. "मोबाइलातली बाई रोज घसा फोडून सांगते. तू ऐकशील तर ना."

"सोडला, बा."

"कुठे सोडलास? तोंड बघ, शेंगांच्या पोत्यासारखं फुगलंय."

रसीलाने पाय बदलला. पाठ दुखत नव्हती. दिवाळीनंतर ती एकदाही दुखली नव्हती.

त्याआधी मात्र दुखली होती, आणि खरी दुखली होती. बांना न्हाणीतून उचलून आणताना कमरेत काहीतरी तटकन तुटल्यासारखे झाले आणि तिला कूसही बदलता येईना. सुरतेची ती गल्ली हिरे घासणाऱ्यांची. दिवसभर घंटीवर, हिरे घासायच्या चाकावर, वाकून बसणाऱ्या पुरुषांची. घरटी एक कंबर धरलेली, त्यामुळे घरटी एक उपाय. शेजारच्या इलाबेनने पाठीखाली फिरवायचा लाकडी रोलर दिला, समोरून काट्यांची चटई आली. नवऱ्याने, मनसुखने, दाराच्या चौकटीत लोंबकळायला लोखंडी दांडा ठोकला आणि स्वतःच्या कमरेचा पट्टा सोडून बायकोला बांधला.

"लोंबकळून लोंबकळून उंच झालीस बाई," इलाबेन चिडवायची. "मनसुखभाईंना आता स्टूल लागेल."

दुखणे गेले ते इतके निःशब्द, की पाण्याची भरलेली बादली उचलून चार पावले गेल्यावर तिच्या ध्यानात आले. संध्याकाळी सांगणार होती. पण त्या संध्याकाळी बांना मनसुखने उचलले, आणि कितीतरी काळाने आपले हात आपलेच आहेत असे रसीलाला वाटले. उद्या सांगू, ती मनाशी म्हणाली. त्या उद्याचा पट्टा ती रोज सकाळी बांधत राहिली.

आता मनसुख कारखान्यातून कंबर धरून येई. काल रोलर गडगडत पार खाटेखाली गेला होता; दुपारी ती बाजारातून परतली तर तो कोपऱ्यात नीट उभा होता. बिचारा जेवणाच्या सुट्टीत येऊन घर आवरून जातो वाटते, असे तिच्या मनात आले. तिने त्याला विचारले नाही. विचारणे म्हणजे आणखी एक खोटे बोलणे.

पूर्वी बा तिन्ही मुलांकडे पाळीने राहत. चार महिने सुरत, चार अमरेली, चार भावनगर. दोन वर्षांपूर्वी अमरेलीला निघायच्या आदल्या दिवशी त्या न्हाणीत घसरल्या. हाड जुळले, पाऊल मात्र पुन्हा जमिनीला लागले नाही. वय झाले, असे मुलांनी मानले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला गावोगाव कुठे हलवायचे? पाळी थांबली आणि बा सुरतेतच राहिल्या. आता रसीलाची कंबर गेल्यावर भावांनी फोनवर ठरवले: आधी अमरेली, मग भावनगर.

"तिकडे बाई ठेवणार आहेत, चोवीस तासांची," रसीला उठून बसत म्हणाली. "तुमचं नीट होईल."

"होईल की. गोरधनच्या घरी काही कमी नाही." बा भिंतीकडे पाहत होत्या. "मोठी सून वाईट नाही गं. बोलत नाही, एवढंच. ताट ठेवते, ताट उचलते." मग त्या म्हणाल्या, "तू व्यायाम सोडू नकोस. मी नसले की आळशीपणा करशील."

बाहेर हॉर्न वाजला.

गोरधनभाई मनसुखबरोबर आत आले तसा रसीलाने पदर तोंडावर ओढला. थोरल्या दिरासमोर या घरात वहू, म्हणजे सून, बोलत नसे. दोघांमधले शब्द मनसुखच्या तोंडून ये-जा करीत.

"काय बा, तयार? मनसुख, वहूची कंबर कशी आहे रे?"

"चाललंय पट्ट्यावर."

"तुझीही वाकडी दिसतेय. दोघं मिळून खुर्चीसकट उचलू बांना. चल, आधी गाडीतली गादी नीट घालू."

दोघे बाहेर गेले. गादी झटकल्याचा आवाज आला. पदराच्या आड रसीलाचा श्वास कोंडला. आता तो खरोखरच सुटत नव्हता. तिने पदर मागे टाकला, पोटावरचा पट्टा हिसकून सोडला. चर्रकन आवाज झाला.

"बा, माझी पाठ दुखत नाही."

बांनी मान वळवली.

"दिवाळीपासून नाही. हा पट्टा, तो दांडा, सगळं नाटक. तुम्हाला उचलून उचलून कंटाळले होते मी. वाटलं, थोडे दिवस सुटका. तुम्हाला घेऊनच जातील असं वाटलं नव्हतं हो." तिचा आवाज फाटला. "मारा मला हवं तर. मी आत्ता बाहेर जाते, पदर बाजूला ठेवून मोटाभाईंना सांगते, ही बाई खोटारडी आहे, बांना नेऊ नका. मी उचलीन तुम्हाला. जन्मभर उचलीन. बा, राहाल ना?"

बांनी अंगावरची गोधडी काढली, तिची चौकोनी घडी घातली, दोन्ही पाय खाली सोडले, कशाचाही आधार न घेता उभ्या राहिल्या, आणि उंबरा ओलांडून गाडीकडे चालत गेल्या.