विश्वासाची गाडी

"रॅलीची गाडी पेट्रोलवर नाही, विश्वासावर पळते!" असं ड्रायव्हर पत्रकारांना छाती फुगवून सांगत होता, तेव्हा तो विश्वास समोरच्या तंबूत, प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत पट्टा आवळून बसत होता. विश्वास म्हणजे त्याचा नॅव्हिगेटर, सख्खा मेहुणा. धुरळ्यात पुढचं काही दिसत नसताना मेहुण्याने "डावीकडे" म्हणावं आणि याने डोळे झाकून गाडी वळवावी, असे पाच देश पालथे घातलेले. अजिंक्यपदाला आता एकच शर्यत उरली होती.

"अरे, निदान बहिणीच्या तोंडाकडे तरी बघायचंस!" ड्रायव्हर त्या तंबूत धावत येऊन ओरडला.

"ताईनंच जमवून दिलं, दाजी." मेहुण्याने नजर चुकवली. "तिचा गॉगल तुमच्याकडे राहिलाय, तेवढा द्या ना. इकडच्या तंबूत ऊन फार येतं म्हणतेय."