शिशाऐवजी बिस्मथ

सुनेने पारड्यात शिशाऐवजी बिस्मथ ठेवलं, तसा सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. ओतशाळेत सगळे त्यांना अण्णा म्हणत. सूनही तेच म्हणे.

तांबं आणि कथील मोजून झालं होतं. हे ब्राँझचे बुश, म्हणजे ज्यांत आस फिरतो त्या आखूड नळ्या, क्रेनच्या वरच्या चाकांत बसायचे होते. तिथे रोज तेल द्यायला कोण चढणार? म्हणून ब्राँझमध्येच असा धातू घालायचा, जो घासता घासता आपणच वंगण होतो.

“शिशाने तुझं काय घोडं मारलंय?” अण्णांनी विचारलं.

“बिस्मथ तेच काम करतं. आणि शिशाचा धूर वाईट.”

“धूर मी जन्मभर खातोय.”

“माहीत आहे.”

“मग?”

पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. दिवस गेल्याचं अजून घरात कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मागच्या वेळी तिने हौसेने सगळ्यांना सांगितलं होतं, आणि मग मूल राहिलं नाही, हे एकेकाला परत सांगावं लागलं होतं.

“बिस्मथने बुश ठिसूळ होतो,” अण्णा म्हणाले. “भाराखाली तडकला म्हणजे?”

“थोडं निकेल घालते. तरी तडकला, तर शिसं.”

“बघ हं. शब्द दिलास.”

दुसऱ्या दिवशी बुश चाचणीच्या यंत्रावर चढला. तेलाचा थेंब न देता फिरवला. दुपारपर्यंत आवाज नाही, फारसा तापलाही नाही. तिला जरा हायसं वाटलं. मग अण्णांनी भार वाढवला. थोड्या वेळाने त्यांनी यंत्र थांबवलं, बुश उजेडात धरला आणि तिच्या हातात दिला. कडेपासून आत केसाएवढी भेग गेली होती.

ती वाद घालत बसली नाही. कोपऱ्यातली शिशाची वीट उचलून आणली, तांबं-कथील नव्याने मोजायला घेतलं. मूस भट्टीत चढली तेव्हा तिने एक फडकं भिजवलं, पिळलं आणि नाकातोंडावर घट्ट बांधलं. इतक्या वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. ओल्या फडक्याने शिशाचा धूर अडत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग पुढे होऊन त्यांनी शिशाची वीट तिच्या पुढ्यातून उचलली आणि बाहेर, अंगणाच्या पार टोकाला ठेवून आले.

“निकेल अजून वाढव,” हात धूत ते म्हणाले. “परत ओतू.”

“पण बुश तडकला ना. आणि क्रेनवाले थांबतील का?”

“थांबतील. मी बोलतो.” त्यांनी तिच्या हातातला चिमटा काढून घेतला. “आणि भट्टीपाशी आता तू यायचं नाही. दारात खुर्ची टाकून बस.”

“अण्णा...”

“मी काही विचारलेलं नाही,” ते भट्टीकडे वळत म्हणाले. “तू फक्त प्रमाण सांग.”