इमानी पारा

अंडी उबवायच्या पेटीभोवती तिघे बसले होते. अठ्ठावीस दिवसांची मुदत उलटून आज तिसावा दिवस उजाडला होता. काचेखाली बदकाची अकरा अंडी नदीतल्या गोट्यांसारखी निर्विकार पडली होती. चोचीची एक टकटकही त्यांतून उमटली नव्हती. पहाटे कान लावून लावून संतापलेल्या सावळीरामने पेटीतला दिवा मालवला होता. आता दहा वाजत आले होते.

सावळीराम ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता. केसाच्या जाडीएवढी चूकही त्याच्या बोटांना सलत असे. चहाच्या खोक्याला आतून पत्रा ठोकून, कोपऱ्यात दिवा आणि शेजारी पाण्याची वाटी ठेवून त्याने एका रविवारात ही पेटी उभी केली होती. अंडी दिली होती गेणूने. तो त्याच्याच खात्यातला, इगतपुरीकडचा; भातखाचरांत बदके पाळणाऱ्या घरातला. आज निकाल लावायला म्हणून दोघांनीही अर्धी रजा टाकली होती.

आणि जिच्यासाठी पेटी उभी राहिली, ती चंद्रभागा, सावळीरामची बायको, भिंतीला टेकून बसली होती. लग्नाआधी ती नर्स होती. रात्रपाळी नको म्हणून त्याने ती नोकरी सोडायला लावली, त्याला नऊ वर्षे झाली. दीड महिन्यापूर्वी तिला पत्र आले होते : नवे प्रसूतिगृह एक मार्चला उघडत आहे, रुजू व्हा. ते पत्र तिने दोनदा वाचून दाखवले. दोन्ही वेळा तो जेवत राहिला.

तिसऱ्यांदा मात्र तो म्हणाला, "घरात जीव रमत नाही ना? मग पिल्लं सांभाळ. आणि पिल्लं नाहीच निघाली, तर जा खुशाल. अडवणार नाही. शब्द आहे माझा."

आपल्या हातची वस्तू फसत नाही, या खात्रीवर दिलेला तो शब्द होता.

आज एक मार्च होती.

"बदकीलाच मुक्कामी धाडतो म्हनलो होतो, भाऊ," गेणूने विनोद केला. "दोन येळचं खाऊन निमूट बसली असती."

सावळीराम हसला नाही. त्याने एक अंडे उचलले आणि पितळी ताटलीच्या काठावर फोडले. कुबट वास सुटला. आत काळसर ओल्या पिसांचा, मान पोटाशी दुमडलेला इवलासा जीव होता. दुसऱ्यात तसाच. तिसऱ्यातही.

गेणू बराच वेळ वाकून पाहत राहिला. "गारठली वो ही. पंधरा-वीस दिसांची झाली नि गारठली. ऊब नाय मिळाली."

"ऊब नाही मिळाली? माझ्या पेटीत?"

सावळीरामच्या कानशिलांवरच्या शिरा तटतटल्या. त्याने अंड्यांमधून थर्मामीटर उचलून गेणूच्या नाकासमोर धरला. हा थर्मामीटर त्याने पहिल्याच दिवशी चंद्रभागेच्या ट्रंकेतून, तिला न विचारता काढला होता.

"तो तापाचा आहे," ती तेव्हा एवढेच म्हणाली होती.

"ऊब ती ऊब. माणसाची वेगळी नि अंड्याची वेगळी असते काय? मापं मला शिकवू नकोस."

त्यावर ती पुन्हा बोलली नव्हती. पारा पहिल्या संध्याकाळी शंभरावर चढला आणि तिथेच राहिला. इतके इमानी माप सावळीरामने कारखान्यातही पाहिले नव्हते.

"वाच," तो गेणूवर ओरडला. "किती?"

"शंभर."

"सकाळी निघताना शंभर, संध्याकाळी आल्यावर शंभर! महिनाभरात एक रेघ इकडची तिकडे नाही. माणूस खोटं बोलेल, पारा बोलणार नाही. शिळी अंडी माझ्या गळ्यात मारलीस तू!"

"शिळ्या अंड्यात एवढालं पिल्लू भरंल का, भाऊ?" गेणू उठला. "आमची बदकी अडानी. तिला आकडं येत नाय. पन बसली का उठत नाय."

"चालता हो!"

"येतो, वहिनी," म्हणून गेणू गेला. दार आपटले. ताटलीतले तीन काळे जीव हादरले.

चंद्रभागाही उठली. तिने पांढरी, कडक इस्त्रीची साडी नेसली होती, हे त्याला आत्ता दिसले. तिच्याकडे पाहताना त्याचा राग पुन्हा उफाळून आला.

"खूश झाली असशील. दुपारी अंडी फिरवायचं काम तुझं. दिवसभर घरात एकटी तूच. दुसरा कोणी असता तर पहिला संशय तुझ्यावर घेतला असता. या पाऱ्यानं वाचवलं तुला, समजलीस?"

तिने त्याच्या हातातून थर्मामीटर हळूच काढून घेतला.

"दिवा कधी मालवलात?"

"पहाटे. पाचला. का?"

तिने थर्मामीटर उजेडाकडे तिरका धरून त्याला दाखवला. पाच तास थंड पडलेल्या पेटीतून निघालेला पारा शंभरावरच होता. मग नऊ वर्षांत न विसरलेल्या सवयीने तिने मनगटाला तीन झटके दिले. पारा घसरत घसरत पार तळाशी गेला. थर्मामीटर नळीत घालून तिने तो पर्समध्ये ठेवला.

सावळीराम रिकाम्या हाताकडे पाहत राहिला.

"चंद्रभागा," त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता, "दुपारी दिवा चालू असायचा ना?"

तिने चपला पायांत सरकवल्या, पदर खांद्यावर नीट केला आणि ती जिना उतरू लागली.