चढावरचा बाक

नगरपालिकेनं अंदाजपत्रकासाठी वॉर्डातल्या लोकांकडून कामांच्या सूचना मागवल्या होत्या. सभेत आबा उठून म्हणाले, “अजिंक्यताऱ्याखालच्या चढाच्या मध्यावर एक बाक बसवा.” नगरसेवक हसला. “आवं आबा, फौजी गडी तुमी, दमलासा व्हय?” “दमलो रं गड्या, लय दमलो,” म्हणत आबाही हसले. शेजारी बसलेल्या त्यांच्या लेकीनं पोलिओनं अधू झालेला पाय साडीत ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा झोपेतच गेले. महिन्याभरानं यादी पक्की करायला सभा पुन्हा भरली. “बाक आबांसाठी हुता. आता त्या पैशात कोपऱ्यावर दिवा लावू,” नगरसेवक हळू आवाजात म्हणाला. माना हलल्या. चढावर आबा नेहमी लेकीच्या आधी थांबायचे, आपणच दमल्यासारखे. ती खुर्चीला धरून उभी राहिली. “बाक राहू द्या,” ती म्हणाली. “आबा कधीच दमले नव्हते. दमते मी. पाय माझा दुखतो.”