जुना बग

क्लाउड स्टोरेजच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ऋजुताने सोडली, तेव्हा टीमने टाळ्या वाजवल्या. फोनमधून पुसलेली फाइल सर्व्हरवर तशीच राहायची, तो जुना बग तिने काढला होता.

दुपारी एका ग्राहकाची तक्रार आली, नाव झाकलेलं. 'फोन भरला की बायकोचे व्हिडिओ पुसायचो, तुमच्याकडे राहायचे. आता तिथूनही गेले. ती हयात नाही हो. परत मिळतील?'

"बगच्या भरवशावर संसार!" ऋजुता हसली, शेजारचेही हसले. तिने उत्तर टाकलं, 'पुसलं म्हणजे पुसलं. डिलीट दाबताना डोकं वापरावं.'

संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"आईचे व्हिडिओ गेले गं. तुला कामात त्रास नको म्हणून परस्पर तुमच्या कंपनीला लिहिलं. तिथे कुणीतरी फार उद्धट बसलंय. तू जपून राहा, बाळा."