चेहऱ्याचा पेपर

"हसलीस," गफूर म्हणाला. "नापास."

"हसले नाही अब्बा. ओठ आपोआप हलले."

"पेशंटला ते हललेलेच दिसतात."

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला झरीन बाकी सगळ्यात पास झाली होती. औषधाच्या डोसाचं गणित, उभ्या उभ्या अख्खी शिफ्ट काढणं, अंथरुणातला माणूस कुशीवर वळवणं. वळवायची प्रॅक्टिस तिने घरच्या गादीवर गफूरवरच केली होती आणि जी गफूरला वळवते ती पुढे कुणालाही वळवेल, यावर घरात एकमत होतं. गाडी अडली होती ती चेहऱ्यावर. वॉर्डात एका म्हाताऱ्याची पट्टी सोडली, तेव्हा म्हाताऱ्याने जखमेकडे पाहिलंच नाही. त्याने झरीनकडे पाहिलं आणि तो रडायला लागला. मॅडमनी शेरा मारला, 'भावनांवर ताबा नाही.' रविवारी पुन्हा परीक्षा होती. त्यातही गेली तर वर्ष गेलं.

गफूरच्या मते ही परीक्षा कॉलेजने त्याच्याकडेच सोपवायला हवी होती. कुवेतला आल्यापासून तो सालमियात अत्तराच्या दुकानात होता. एकाच बाटलीतलं अत्तर गिऱ्हाइकाला तीन वेगवेगळ्या नावांनी हुंगवताना त्याच्या भुवईचा केसही हलत नसे. पोरगी मात्र आईवर गेली होती. दोघींचे चेहरे म्हणजे आवाज बंद केलेला टीव्ही. काय चाललंय ते शेजाऱ्यांनाही कळायचं.

शुक्रवार होता. नमाज होऊन गेली होती, जेवायला अवकाश होता. झरीनची आई असमा स्वयंपाकघरात पापलेट तळत होती आणि तिथूनच परीक्षेला हातभार लावत होती.

"झरीन गो, मामूने तुझं लग्न ठरवलंन! मुलगा दापोलीचा. टक्कल आहे, पण एका बाजूलाच!"

झरीन फिस्सकन हसली.

"नापास," गफूरने हात पुढे केला. "आता नाडी बघ. मी त्रास देणार, तू हलायचं नाही. सिस्टर, मी वाचेन ना? घरी तरुण बायको आहे हो."

"तरुण म्हणे!" आतून आवाज आला.

हसतच झरीनने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. गफूर आणखी काहीबाही बोलत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, की ती हसायची थांबली आहे. तिने बोटं उचलून पुन्हा ठेवली. सेकंदकाटा पुरता फिरू दिला. मग आणखी एकदा फिरू दिला.

"सकाळपासून काही होतंय?" तिने विचारलं. चहात साखर किती, असं विचारावं तसं.

"छे. जरा गॅस. रात्रीची बिर्याणी."

"दम लागतो?"

"मशिदीतून येताना लागला थोडा. ऊन काय कमी आहे?"

"बरं. उठू नका. मागे टेकून बसा."

तिने त्याच्या पाठीशी उशी सारली, सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि फोन करून ॲम्ब्युलन्स मागवली. पत्ता असा सावकाश, मजल्यासकट सांगितला, की जणू पिझ्झाच यायचा होता.

गफूरने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर काहीच नव्हतं. तिच्या जन्मापासून त्याने तो असा कधी पाहिला नव्हता.

"पास," तो म्हणाला.

"बोलू नका अब्बा."

असमा झारा हातात घेऊन दारात आली. "काय झालं? गप्प का झालात?"

"काही नाही," गफूर दुकानातल्या आवाजात म्हणाला. "प्रॅक्टिस चाललीय."

असमाने नवऱ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. आत जाऊन तिने गॅस बंद केला. अर्धं तळलेलं पापलेट तव्यातच राहिलं. ती परत आली आणि गफूरच्या दुसऱ्या बाजूला बसली. झरीनची बोटं अजून त्याच्या मनगटावरच होती.

समोरच्या बंद टीव्हीच्या काचेत सोफ्यावरची तिघं दिसत होती. चेहऱ्यांवर आवाज नाही, चित्रही नाही. त्या घटकेला मॅडम आल्या असत्या, तर त्यांनी तिघांनाही पास केलं असतं.